जॉन गलार्डी : एका प्रशिक्षकाची साठ वर्षे

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करणे इष्ट होईल. त्यात चेंडू लांबट असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, आणि दुसऱ्या संघाने चेंडू नेणाऱ्यास अंगावर झेप घेऊन जमिनीवर पाडावयाचे, हे या खेळाचे मुख्य स्वरूप होय. कबड्डीतील पकड ज्याने पाहिली आहे त्याला या क्रियेची कल्पना येईल. मात्र येथे धावणारा व पकडणारा हे दोघेही पूर्ण वेगात असतात, आणि त्यांची अंगे शिरस्त्राणांनी व जाड गाद्यांनी झाकलेली असतात. खेळाडूला अशा रीतीने पाडण्याच्या क्रियेला 'टॅकल' म्हणतात. पुढील विवेचनात हा शब्द वारंवार यावयाचा आहे.

हा खेळ तेथील विद्यापीठांच्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे. मोठ्या विद्यापीठांची क्रीडांगणे पन्नास हजारांपासून लाखापर्यंत प्रेक्षक सामावून घेतात, आणि संघाच्या प्रशिक्षकाचे वेतन पुष्कळदा कुलगुरूंच्या वेतनाहून अधिक असते. परंतु या झगमगाटापासून दूर अशी शेकडो लहान महाविद्यालयेही आहेत. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९७३ साली केलेल्या वर्गवारीत त्यांपैकी अनेकांचा समावेश तिसऱ्या श्रेणीत झाला. या श्रेणीचा नियम असा की, केवळ खेळाच्या गुणवत्तेवर कोणाही विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावयाची नाही. तेथे जो खेळतो तो प्रथम विद्यार्थी असतो. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारा प्रशिक्षक याच लहान महाविद्यालयांच्या जगात घडला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. त्याचे नाव जॉन गलार्डी.

गलार्डी यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ रोजी कोलोराडो राज्यातील ट्रिनिडाड या गावी झाला. हा दगडी कोळशाच्या खाणींचा प्रदेश होय. युरोपातून आलेली असंख्य श्रमिक कुटुंबे तेथे स्थायिक झाली होती. गलार्डी यांचे वडील इटलीतून आलेले होते आणि मोटारगाड्यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करीत. मुलगा गावातील कॅथलिक शाळेत शिकत होता व शाळेच्या संघातून खेळत होता. १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, शाळेच्या प्रशिक्षकास सैन्यात भरती व्हावे लागले. नवा प्रशिक्षक मिळण्याची आशा नव्हती आणि संघ बंद करण्याचा विचार चालू होता. त्या वेळी संघनायक असलेल्या सोळा वर्षांच्या गलार्डी यांनी शाळेच्या चालकांना गळ घातली की, संघ मोडू नका. आम्हीच तो चालवू. चालकांनी संमती दिली, आणि एका विद्यार्थ्याच्या हाती आपल्या सोबत्यांना शिकवण्याचे काम आले.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ वयाच्या कौतुकात नाही. जो मुलगा काल आज्ञा पाळीत होता, तोच आज आज्ञा देण्याच्या जागी आला. आणि आज्ञा पाळताना काय सोसावे लागते याची त्याची आठवण अगदी ताजी होती. जुन्या पद्धतीत सरावाच्या वेळी मुलांना पाणी पिऊ देत नसत. तहान सोसल्याने शरीर कणखर होते, अशी त्या काळची समजूत होती. तासन्‌तास कवायतीचे व्यायाम, मैदानाभोवती धावण्याच्या शिक्षा आणि आपल्याच सोबत्यांवर आदळत राहणे, हा सरावाचा नित्यक्रम होता. गलार्डी यांनी प्रथम पाणी पिण्यास मोकळीक दिली. त्यानंतर कवायती काढून टाकल्या. जे करताना स्वतःला तिटकारा येत असे आणि ज्याचा सामन्यात उपयोग दिसत नसे, ते त्यांनी एकेक करून वगळले. त्यांचा संघ जिंकू लागला. पुढे कोलोराडो कॉलेजात शिकत असतानाही ते एका शाळेच्या संघाला शिकवीत राहिले, आणि १९४९ साली त्यांनी पदवी घेतली.

त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, माँटाना राज्यातील हेलेना येथील कॅरल कॉलेजने त्यांना प्रशिक्षक नेमले. तेथे फुटबॉलबरोबर बास्केटबॉलचा संघही त्यांच्याकडे होता. लहान महाविद्यालयांत एकाच माणसाने तीन-चार कामे सांभाळणे ही नित्याची गोष्ट असे. चार हंगामांत त्यांच्या फुटबॉल संघाने चोवीस सामने जिंकले, सहा गमावले, एक बरोबरीत सुटला, आणि तीन वेळा परिषदेचे अजिंक्यपद मिळवले. १९५३ साली त्यांना मिनेसोटा राज्यातील सेंट जॉन्स विद्यापीठाचे बोलावणे आले.

सेंट जॉन्सची स्थापना १८५७ साली बेनेडिक्टाइन पंथाच्या संन्याशांनी केली. मिनिआपोलिस शहराच्या वायव्येस, सरोवरे आणि पाइन वृक्षांच्या दाट राईत वसलेल्या कॉलेजव्हिल या ठिकाणी मठ व विद्यापीठ एकाच आवारात नांदतात. प्रख्यात वास्तुशिल्पी मार्सेल ब्रॉयर यांनी योजिलेले तेथील भव्य चर्च आधुनिक वास्तुकलेचा एक श्रेष्ठ नमुना मानले जाते. गलार्डी यांच्यापूर्वी तेथे जॉनी 'ब्लड' मॅकनॅली हे प्रशिक्षक होते. व्यावसायिक फुटबॉलमधील आपल्या पिढीचा हा नामांकित खेळाडू; १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात प्रथम ज्यांचा समावेश झाला त्यांत त्याचे नाव होते. अशा माणसाच्या जागी सव्वीस वर्षांचा, फारसे नाव नसलेला तरुण आला, आणि पहिल्याच हंगामात त्याच्या संघाने परिषदेच्या अजिंक्यपदात वाटा मिळवला. त्यानंतर ते सेंट जॉन्स सोडून कोठेही गेले नाहीत. १९५३ ते २०१२ असे साठ हंगाम त्यांनी तेथे काढले.

गलार्डी यांची पद्धत काय करावे यापेक्षा काय करू नये यावरूनच ओळखली जाते. त्यांच्या नकारांची यादी वर्षानुवर्षे वाढत गेली. त्यांतील प्रमुख नकार पाहिले तर पद्धतीची कल्पना येईल. सरावात टॅकल करावयाचे नाही. शिट्टी वाजवावयाची नाही. सराव दीड तासाहून अधिक चालवावयाचा नाही. वजनदार लोखंडी सांगाडे ढकलण्याचे श्रम करावयाचे नाहीत. शिक्षा म्हणून कोणाला धावावयास लावावयाचे नाही. डावपेचांची जाडजूड वही पाठ करून घ्यावयाची नाही. पाऊस, कडक ऊन किंवा डासांचा उपद्रव असेल तर मैदानावर थांबावयाचे नाही. पाण्यास मज्जाव करावयाचा नाही. संघात येऊ इच्छिणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास वगळावयाचे नाही. त्यामुळे त्यांच्या संघात कित्येकदा दीडशेहून अधिक मुले असत. आणि प्रशिक्षकास 'कोच' म्हणून हाक मारावयाची नाही. अमेरिकेत 'कोच' ही जणू पदवीच असते आणि खेळाडू जन्मभर आपल्या प्रशिक्षकाला त्याच नावाने संबोधतात. सेंट जॉन्समध्ये अठरा वर्षांचा मुलगा सत्तरी उलटलेल्या गलार्डी यांना 'जॉन' म्हणत असे.

सरावाच्या आरंभीच्या व्यायामांतही थट्टेचा अंश असे. सगळ्यांनी गवतावर उताणे पडावे, आकाशाकडे पाहावे आणि आजचा दिवस किती सुरेख आहे असे एकमेकांना सांगावे, हाही त्यांतील एक 'व्यायाम' होता. हे पाहून एखाद्या तिऱ्हाइताला वाटावे की, येथे सहलीचा कार्यक्रम चालला आहे. परंतु हा समज चुकीचा ठरला असता. जो वेळ वाचला तो सारा एका कामासाठी राखून ठेवलेला असे. प्रतिपक्ष कोणत्या रचनेत उभा राहील, त्या रचनेत फट कोठे असेल, आणि अशा वेळी प्रत्येकाने कोठे पाऊल टाकावयाचे, हे मुलांना पुन्हा पुन्हा दाखवले जाई. एकच चाल नाना प्रकारच्या बचावांसमोर इतक्या वेळा करून घेतली जाई की, सामन्यात विचार करण्याची गरजच उरू नये. प्रत्येक खेळाडूला आपल्या चालीचा हेतू समजलेला असावा, यावर त्यांचा कटाक्ष होता.

टॅकल वर्ज्य करण्यामागील युक्तिवादही असाच सरळ होता. हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो आणि सामना आठवड्यातून एकच. जो खेळाडू मंगळवारच्या सरावात जायबंदी झाला तो शनिवारच्या सामन्यास मुकतो. मग त्या सरावाने संघाचे बळ वाढले की घटले? टॅकल करण्याचे तंत्र म्हणजे योग्य जागी योग्य वेळी पोहोचणे, आणि ते आपल्याच मित्राला जमिनीवर आदळल्यावाचूनही शिकवता येते. उरलेली ऊर्मी सामन्याच्या दिवसासाठी राखून ठेवावी. आठवडाभर ज्यांची अंगे ठेचली गेलेली नाहीत असे खेळाडू शनिवारी उत्साहाने मैदानात उतरतात, हा त्यांचा अनुभव होता.

ही पद्धत किती वेगळी होती हे कळण्यासाठी त्याच काळातील दुसरे एक उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. १९५४ साली टेक्सास ए अँड एम या मोठ्या महाविद्यालयाचे नवे प्रशिक्षक पॉल ब्रायंट यांनी आपल्या संघाला जंक्शन नावाच्या गावी दहा दिवसांच्या शिबिरासाठी नेले. भीषण उन्हाळा, अवर्षणाने भाजलेली जमीन आणि पाण्यावर निर्बंध अशा स्थितीत सराव झाला. निम्म्याहून अधिक मुले शिबिर सोडून निघून गेली. एका खेळाडूस उष्माघात होऊन तो मरता मरता वाचला. त्या हंगामात संघाने दहांपैकी एकच सामना जिंकला. परंतु दोनच वर्षांनी, १९५६ साली, त्याच महाविद्यालयाने परिषदेचे अजिंक्यपद मिळवले, आणि तेव्हापासून जंक्शनची कथा पौरुषाची गाथा म्हणून सांगितली जाऊ लागली. ब्रायंट हे पुढे अमेरिकेतील सर्वांत ख्यातनाम प्रशिक्षकांपैकी एक झाले. हे सारे खरे आहे. पण जे मुलगे रात्रीतून निघून गेले त्यांचे काय झाले, त्यांच्यात कोणी उत्तम खेळाडू होता काय, हा प्रश्न त्या गाथेत विचारला जात नाही. गलार्डी यांच्या पद्धतीचा आरंभच या प्रश्नापासून होतो. कोणालाही वगळावयाचे नाही हा नियम वरवर भाबडा वाटला, तरी त्यामागे एक व्यवहारी हिशेब होता: कोणता मुलगा केव्हा फुलेल हे आधी सांगता येत नाही.

आता या पद्धतीचे फळ पाहू. १९६३ साली सेंट जॉन्सने आंतरमहाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू या संघाचा ३३-२७ असा पराभव करून पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९६५ साली लिनफिल्ड संघावर ३३-० असा विजय मिळवून दुसरे. १९७६ साली तिसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात टाउसन संघावर ३१-२८ अशी अवघ्या तीन गुणांनी मात करून तिसरे. चौथे अजिंक्यपद येण्यास मात्र सत्तावीस वर्षे लोटली. २००० साली अंतिम सामन्यात ओहायो राज्यातील माउंट युनियन या बलाढ्य संघाकडून १०-७ असा निसटता पराभव झाला. २००३ साली याच माउंट युनियनशी पुन्हा गाठ पडली. तो संघ तेव्हा सलग पंचावन्न सामने जिंकून आला होता. सेंट जॉन्सने तो सामना २४-६ असा जिंकला. त्या वेळी गलार्डी सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

त्याच हंगामात, ८ नोव्हेंबर २००३ रोजी, बेथेल संघाविरुद्धचा सामना २९-२६ असा जिंकून त्यांनी ४०९ वा विजय नोंदवला आणि एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मागे टाकला. रॉबिन्सन यांच्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात ते १९४१ साली प्रशिक्षक झाले आणि १९९७ पर्यंत तेथेच राहिले. दक्षिणेकडील मोठ्या विद्यापीठांची दारे ज्या काळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होती, त्या काळी त्यांनी शेकडो खेळाडू व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचवले. म्हणजे विजयांची ही दोन शिखरे उभारणारे दोघेही प्रशिक्षक धनाढ्य विद्यापीठांबाहेरचे होते, आणि दोघांनीही एकाच संस्थेला अर्धशतकाहून अधिक काळ दिला. विक्रम एकाकडून दुसऱ्याकडे गेला, एवढ्यावरून त्यांच्यात तुलना करणे उचित होणार नाही. दोघांपुढील अडचणी अगदी भिन्न होत्या.

गलार्डी यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही. पहिला आक्षेप असा की, ही पद्धत लहान महाविद्यालयातच चालू शकते. जेथे कोट्यवधी डॉलरचा प्रश्न असतो तेथे दीड तासाच्या सरावावर कोण विसंबेल? दुसरा असा की, मिनेसोटा परिसरातील चांगल्या कुटुंबांतील हुशार मुले सेंट जॉन्सकडे आपणहून येत. संघाच्या यशात त्यांच्या निवडीचा वाटा मोठा होता. या आक्षेपांत तथ्य आहे. महाविद्यालयाची कीर्ती वाढली तसे चांगले खेळाडू येत गेले, हे नाकारता येणार नाही. शिवाय गलार्डी यांची माणसे ओळखण्याची हातोटी आणि विनोदबुद्धी या गोष्टी नियमांच्या यादीत बसवता येत नाहीत. ती यादी दुसऱ्याने जशीच्या तशी उचलली तर तेच फळ मिळेल याची शाश्वती नाही. परंतु त्यांच्या परिषदेतील इतर महाविद्यालयेही लहानच होती, आणि त्यांनाही शिष्यवृत्त्या देण्याची मुभा नव्हती. तरीही सेंट जॉन्सने सत्तावीस वेळा त्या परिषदेचे अजिंक्यपद मिळवले. केवळ परिस्थितीने एवढे साध्य झाले असते, तर ते इतरांनाही साधले असते.

टॅकलविषयीच्या त्यांच्या निर्णयाचे महत्त्व मात्र पुढे अधिकच स्पष्ट झाले. हा खेळ धोक्याचा आहे ही जाणीव जुनीच होती. १९०५ साली मैदानावरील मृत्यूंची संख्या इतकी वाढली की, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. त्यानंतर नियम बदलले, आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा उगमही त्याच चळवळीत झाला. परंतु जो धोका डोळ्यांना दिसत नव्हता तो तसाच राहिला. २००२ साली माइक वेबस्टर या माजी व्यावसायिक खेळाडूच्या मृत्यूनंतर डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांच्या मेंदूची तपासणी केली, आणि डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांशी निगडित असा मेंदूचा ऱ्हास त्यांना आढळला. २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हळूहळू असे दिसून आले की, बेशुद्ध पाडणारे मोठे आघातच तेवढे घातक असतात असे नाही. वर्षानुवर्षे बसणारे लहान लहान धक्केही साठत जातात. आणि असे धक्के सामन्यांइतकेच, किंबहुना अधिक, रोजच्या सरावात बसत असतात.

यानंतर बदलाला गती आली. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० साली आपल्या संघाच्या सरावातून खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणे बंद केले. २०११ च्या करारान्वये व्यावसायिक संघांच्या हंगामातील पूर्ण धडकेच्या सरावांवर चौदाची मर्यादा आली. २०१६ साली आयव्ही लीगमधील आठही महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांनी हंगामातील सरावात टॅकल वर्ज्य करण्यास संमती दिली. उन्हाच्या बाबतीतही असेच घडले. २००१ साली मिनेसोटाच्याच व्यावसायिक संघातील कोरी स्ट्रिंगर हा खेळाडू सराव शिबिरात उष्माघाताने मृत्यू पावला, तेव्हा उष्णता व पाणी यांचा विचार सर्वत्र गांभीर्याने होऊ लागला. गलार्डी यांनी मुलांना पाणी पिऊ दिले होते ते १९४३ साली. मेंदूविज्ञानाचा आधार त्यांच्यापाशी नव्हता, आणि आपण वैद्यकीय सुधारणा करीत आहोत असा त्यांचा दावाही नव्हता. ज्या गोष्टीने वेदना होते आणि लाभ दिसत नाही ती करू नये, एवढीच त्यांची भूमिका होती. आपल्याला जसे वागवले जावे असे वाटते तसेच इतरांना वागवावे, हा सुवर्णनियमच आपल्या संघाचा एकमेव नियम आहे, असे ते सांगत.

सन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९९३ पासून तिसऱ्या श्रेणीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस दरवर्षी गलार्डी यांच्या नावाचे पारितोषिक देण्यात येऊ लागले. त्यासाठी खेळाबरोबरच अभ्यास व समाजसेवाही विचारात घेतली जाते. २००६ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात, प्रत्यक्ष काम करीत असतानाच, त्यांचा समावेश झाला. पण अखेरची काही वर्षे पूर्वीइतकी यशाची नव्हती. २०१२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. एकूण चौसष्ट महाविद्यालयीन हंगामांत त्यांच्या संघांनी ४८९ सामने जिंकले, १३८ गमावले आणि ११ बरोबरीत सोडवले. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या कारकीर्दीचा विचार करताना विजयांचा आकडा बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतो, आणि तो फुटबॉलपुरता मर्यादित नाही. कोणत्याही शिक्षणात कष्ट असतात. परंतु विद्येसाठी आवश्यक असलेले कष्ट आणि केवळ परंपरेने चालत आलेले, शिकवणाऱ्याच्या अधिकाराची खूण म्हणून टिकून राहिलेले कष्ट, यांतील भेद कोणी करावयाचा? शिष्याला तो करता येत नाही, कारण त्याला अजून विद्या आलेली नसते. गुरू तो करीत नाही, कारण स्वतः सोसलेले विसरून गेल्यावर, किंवा त्याचा अभिमान वाटू लागल्यावर, तेच पुढच्या पिढीकडून सोसवून घेणे त्याला स्वाभाविक वाटते. गलार्डी यांना एक संधी योगायोगाने मिळाली: शिष्य असतानाच ते गुरू झाले. पण योगायोग एका हंगामापुरता असतो. सोळाव्या वर्षी तहान लागली होती याची आठवण शहाऐंशीव्या वर्षापर्यंत जागी ठेवणे, हे योगायोगाने घडत नाही. दरवर्षी नवी मुले येत, आणि दरवर्षी प्रत्येक जुन्या प्रथेला त्यांना तोच प्रश्न विचारावा लागे की, याने खेळ सुधारतो काय? ज्या प्रथेपाशी उत्तर नसे ती यादीत जाई. शिकवण्याच्या कोणत्याही क्षेत्रात काम करणाऱ्याने आपली अशी एक यादी करून पाहण्यासारखी आहे.